रेघेला भरलेली लचक

११ जानेवारी

कंपनीने मला जाड पुठ्ठ्याची एक वही दिली आहे. वर जुन्या कारखान्याचं चिन्ह, आत गुळगुळीत कागद. "काका, तुमच्या आठवणी यात लिहा, आपण छान पुस्तिका काढू," असं त्यांची डिझाइनवाली मुलगी म्हणाली. त्या वहीत चांगलं चांगलं लिहीन. ही मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी वही आहे आणि हिच्यात मला कुणाची भीड नाही.

झालंय असं की आमचा मोटरसायकलचा कारखाना बंद पडून चोवीस वर्षं झाली. आता त्याचं नाव एका नव्या कंपनीने घेतलंय आणि जुन्या गाडीसारखी दिसणारी नवी गाडी बाजारात आणतेय. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, तारांची चाकं. आतलं सगळं आजचं. त्या टाकीच्या दोन्ही अंगांना जी सोनेरी रेघ असायची, ती मारणारा मी. ब्रशने, पट्टी न लावता. कारखान्यात मला 'फूटपट्टी' म्हणायचे ते उगीच नाही. पहिल्या बारा गाड्यांवर ती रेघ मी हाताने मारायची, असं ठरलंय.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "कोणती रेघ?"

"कोणती म्हणजे? रेघ ती रेघ."

"बरं," म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली. चोवीस वर्षांनी कुणीतरी घर शोधत येतं, मानाने बोलावतं, तर बायकोने निदान चेहरा तरी हसरा ठेवावा. पण नाही.

२० जानेवारी

नवी गाडी बघितली. खोटं कशाला बोलू, लांबून तीच. जवळ गेल्यावर एकेक सोंग उघडं पडायला लागलं. इंजिनावर वारा खाणाऱ्या त्या पट्ट्या आहेत, पण नुसत्या शोभेच्या. थंड करायला आत पाणी फिरतं. कार्बोरेटरसारखा दिसतो तो डबा, आत भलतीच यंत्रणा. आवाजसुद्धा म्हणे चार जणांनी बंद खोलीत बसून ठरवला. बटण दाबलं की पहिल्या फटक्यात चालू. खाली तेलाचा ठिपका नाही. आमच्या गाडीखाली ठिपका दिसला नाही तर गिऱ्हाईक घाबरायचं, तेल संपलं की काय म्हणून.

चालवून बघितली. ब्रेक दाबला आणि ती थांबली, हा अनुभव मला नवीन. चांगली आहे गाडी. आमच्यापेक्षा चांगली आहे. मग तिला आमचं तोंड लावून कशाला फिरायचंय, हे काही कळलं नाही. विचारलं तर डिझाइनवाली म्हणाली, "काका, लोकांना जुनी गाडी हवी असते, जुना त्रास नको असतो." मुलगी हुशार आहे.

२ फेब्रुवारी

पहिली टाकी केली. मनात धाकधूक होती, पण ब्रश टेकला आणि हात आपोआप चालला. पुढून मागे, एका श्वासात. दोन्ही अंगं मोजून बघितली, केसाचाही फरक नाही. बघायला जमलेली माणसं वाहवा करत होती. डिझाइनवाली तेवढी वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, रागावू नका हं. ही स्टिकरसारखी दिसते."

तोंडात मारल्यासारखं झालं.

तिने पडद्यावर फोटो दाखवले. हौशी लोकांनी जपलेल्या साठ जुन्या टाक्या. "हे बघा, गुडघा टेकतो तिथे रेघ जराशी उचलते, बारीक होते आणि परत खाली बसते. लोक हिच्यासाठी वेडे आहेत. हिला लचक म्हणतात. प्रत्येक टाकीच्या तळाला तुमचा सात नंबरचा शिक्का आहे. ही मारा ना."

लचक! हा शब्द आमच्या तपासनिसाचा. त्याला आम्ही 'खोट' म्हणायचो, कारण त्याला दुसरं काही दिसायचंच नाही. टाकीवर खडूने फुली मारून सगळ्यांदेखत ओरडायचा, "फूटपट्टी, हिच्या कमरेत लचक भरलीय, घरी नेऊन शेक दे!" शिवी होती ती. आता जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापणार आहेत, 'ती लचक परत आली'.

मी म्हणालो, बऱ्याच दिवसांत हात नाही, सराव करावा लागेल.

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. लचक असलेल्या टाक्या हिने केलेल्या.

कारखान्यात धूळ फार, रेघ वाळेपर्यंत खराब व्हायची. म्हणून ते काम मला घरी दिलं होतं. पेंढ्याच्या खोक्यांतून टाक्या यायच्या, मागच्या खोलीत ओळीने मांडायच्या. कामाचा करार माझ्या नावाने, शिक्का माझा, आणि दुसऱ्याचा हात लागला तर काम बंद, अशी अट. हिने थोडी मदत केली, इतकंच. घरात बायको मदत करतेच. ही डावखुरी, त्यात रेघ उलटी ओढायची, मागून पुढे. मनगट वळतं तिथे रेघ उचलली जायची. मी शंभरदा सांगितलं असेल, उजव्या हातात धर. ऐकलं तर ना.

९ फेब्रुवारी

वर 'थोडी मदत' असं लिहिलंय. शिडीवरून पडून माझा खांदा धरला होता, तेव्हाचं सगळं काम हिने एकटीने काढलं. चौदा महिने. मी खुर्चीत बसून चुका सांगायचो. नंतर मागणी वाढली म्हणून तिचं चालूच राहिलं. डिझाइनवालीने आज मोजून सांगितलं, साठापैकी त्रेचाळीस टाक्यांना लचक आहे. असेल. सगळ्या टाक्या सापडल्यात कुठे?

दुकानदारच 'त्या उचललेल्या रेघेची द्या' म्हणून मागायला लागले, तेव्हा खोटच्या फुल्या थांबल्या. त्या वर्षी उत्कृष्ट कारागिराची ढाल मला मिळाली. ही दुसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती. मी वरून बघितलं, म्हणून माहीत आहे.

तेव्हा सांगितलं असतं तर दोघांचं काम गेलं असतं. हे खरं आहे. पण कारखाना बंद पडल्यावर ते खरं राहिलं नव्हतं, हेही आज लिहिताना ध्यानात आलं.

१४ फेब्रुवारी

आठ दिवस पत्र्याच्या तुकड्यांवर लचक मारतोय. मुद्दाम उचलली की ठेच लागल्यासारखी दिसते. डाव्या हाताने केलं, मागून पुढे केलं. शेंबड्या पोराने मारल्यासारखी रेघ येते. ही दोनदा दारातून डोकावून गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

१७ फेब्रुवारी

शेवटी विचारलं. चहा झाल्यावर, सहज विचारल्यासारखं. म्हणालो, "बाराच टाक्या आहेत. मी इथे घेऊन येतो. मागच्या खोलीत काढून दे, पूर्वीसारखं."

"काढते की," ही म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाली, "पण तिथे येऊन काढीन. त्यांच्यासमोर."

"समोर कशाला?"

"पूर्वीसारखं नको म्हणून."

"अगं, लोक काय म्हणतील? म्हणजे मी इतकी वर्षं खोटं बोलत होतो?"

"अहो, मी कुठं म्हणाले तसं? तुम्हीच म्हणताय."

मी ताडकन उठलो. म्हणालो, या वयात माझी शोभा करायला निघालीस का? शिक्का माझा, करार माझा, रंग मी घोटायचो, तुला ब्रश धरायला कुणी शिकवलं? ही शांतपणे कपबशा उचलत होती. म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत. तेही सांगेन की."

संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. रंग मी घोटायचो हे खरंच आहे.

१ मार्च

कंपनीला सांगितलं, हात थरथरतो, जमणार नाही. वाटलं होतं, बारा टाक्यांचं प्रकरण इथेच मिटेल. डिझाइनवाली थोडी हिरमुसली, पण म्हणाली, "काही हरकत नाही काका." एका जुन्या टाकीवरून रेघ जशीच्या तशी उतरवून त्यांनी सोनेरी स्टिकर केलं. यंत्राने चिकटवतात, वरून चकाकी देतात. सगळ्या गाड्यांवर तेच.

माझी रेघ स्टिकरसारखी दिसते म्हणून नको होती. हिच्या रेघेचं स्टिकर चाललं. मला फोटोपुरता हातात ब्रश धरायचाय.

१८ मार्च

फोटोवाले घरी आले. मागची खोली झाडून ठेवली होती. मी टाकीपुढे ब्रश धरून बसलो, हनुवटी वर करा, खाली करा, असं तासभर चाललं. ही सगळ्यांना पाणी देऊन कोपऱ्यात बसली आणि माझ्या सदऱ्याचं बटण लावायला घेतलं.

डिझाइनवालीचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती हिच्या हाताकडे बघत होती. सुई डाव्या हातात, दोरा ओढताना मनगट वळत होतं. म्हणाली, "काकू, तुम्ही डावखुऱ्या?"

"हो."

"तुम्ही कधी काकांबरोबर ब्रश—"

"तिला कुठला वेळ!" मी म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन. "घर, स्वयंपाक, वर सासूचं दुखणं. तिला रेघेतलं काय कळतं?"

हिने दोरा दाताने तोडला आणि सदरा घडी करून माझ्या शेजारी ठेवला. जाताना दारात डिझाइनवालीने विचारलं, "काका, तुम्हाला मला काही सांगायचंय का? अजून छापायला गेलेलं नाही." मी म्हणालो, सगळं सांगून झालंय.

२ एप्रिल

कंपनीला लेखी हवं होतं. डिझाइनवाली स्वतः कागद घेऊन आली. 'ही रेघ व तिच्यातील लचक माझी स्वतःची असून ती मी कोणाच्याही मदतीशिवाय काढत आलो आहे.' खाली माझी सही. त्याच्या खाली साक्षीदार, ज्याने हे काम प्रत्यक्ष होताना पाहिलंय असा.

मी म्हणालो, खोटला विचारतो. मुलगी म्हणाली, "काम तर घरात व्हायचं ना? घरातलंच कुणीतरी लागेल." असं म्हणून हिच्याकडे बघत बसली. ही आता काय बोलते, याच्यावर सगळं होतं.

हिने चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. शाळेत धडा वाचतात तसा, पहिल्यापासून. 'कोणाच्याही मदतीशिवाय' इथे थांबली नाही, जोर दिला नाही, काही नाही. सही केली. डाव्या हाताने. मुलीला म्हणाली, "झालं? चहा टाकू?" मुलगी नको म्हणाली आणि लगेच गेली. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. सर्दी असेल.

ती गेल्यावर मला मोकळं वाटलं. म्हणालो, "बरं केलंस. घरातली गोष्ट घरात राहिली."

ही म्हणाली, "तुम्ही कधीतरी सांगाल, याची मी वाट बघत होते. कारखान्यात नाही तर नाही, मला एकटीला, या खोलीत. नुसतं म्हणायचं होतं, रेघ तुझी होती. आता वाट बघायची नाही, ते बरं झालं."

मी म्हणणारच होतो. पण असं तोंडावर टाकल्यावर कसं म्हणायचं?

२० एप्रिल

आज गाडी बाहेर पडली. मोठा मंडप, दिवे, धूर. मला गाडीवर बसवून वर आणलं. माईक हातात देऊन विचारलं, ही लचक सुचली कशी? पाठ केलेलं बोललो. म्हणालो, सरळ रेघ कुणीही मारतो, जिवंत रेघेला श्वास घ्यावा लागतो. टाळ्या इतक्या पडल्या की मलाच चढली. पुढचं पाठ केलेलं नव्हतं. म्हणालो, "लक्षात ठेवा, जिथे लचक नाही ती रेघ माझी नाही!"

सगळे उठून उभे राहिले. दुसऱ्या रांगेत हिची खुर्ची ठेवली होती. ही आली नव्हती.

२३ एप्रिल

खोटचा फोन. ऐंशीच्या घरात आहे, आवाज तसाच खणखणीत. म्हणाला, "फूटपट्टी, पेपरात वाचलं. लेका, माझ्या हाताखालून तुझ्या टाक्या गेल्यात. तुझी रेघ मी एकदाही परत पाठवली नाही, इतकी सरळ. आणि मग अचानक त्या लचकवाल्या यायला लागल्या. तेव्हा तुझा खांदा धरला होता ना?"

मी म्हणालो, "हो."

"हं," म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी बऱ्या आहेत ना?" आणि फोन ठेवला. त्याला खोटच दिसते, पहिल्यापासून.

१५ जून

गाडी तडाखेबंद चाललीय म्हणतात. रस्त्यात दिव्याला थांबलं की शेजारी उभी दिसते. काल एक जण बायकोला सांगत होता, "ही बघ लचक," आणि स्टिकरवरून बोट फिरवत होता. मला वाटलं सांगावं, मीच तो. मग नाही सांगितलं.

कंपनीने आता जुन्या गाडीवाल्यांसाठी नवं काढलंय. टाकी माझ्याकडे आणायची, मी बघायची, अस्सल की नकली ते कागदावर शिक्क्यानिशी द्यायचं. नियम छापून दिलेत. पहिलाच नियम माझं मंडपातलं वाक्य आहे. खाली माझं नाव.

घरात बोलणं कामापुरतं आहे. जेवण वेळेवर मिळतं. पूर्वी ही चिडायची, टोमणे मारायची, आता अगदी नीट वागते. पाहुण्याशी वागतात तशी.

९ जुलै

आतापर्यंत एकवीस टाक्या आल्या. चौदा लचकवाल्या, अस्सल. सात सरळ, नकली. पहिल्या सरळ टाकीला शिक्का मारताना हात अडखळला होता. मनाला सांगितलं, कुणीतरी नंतर रंगवली असेल. दुसरीला आणि तिसरीलाही तेच सांगितलं. आता सांगत नाही.

आज एक निवृत्त मास्तर आले. वडिलांची गाडी, टाकी चादरीत गुंडाळून आणलेली. चादर सोडली. आपलं अक्षर आपल्याला कळतं तशी ती कळली. खांदा धरायच्या आधीची. दोन्ही अंगांना सोनेरी रेघ, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी, इतक्या वर्षांत रंग तडकला पण रेघ हललेली नाही. इतकी चांगली मी मारायचो, हे मी विसरलो होतो. आधीच्या सरळ टाक्या मी धड बघितल्याच नव्हत्या.

मास्तर म्हणाले, "वडील सांगायचे, कारखान्यात एक फूटपट्टी म्हणून होता, त्याच्या हातची आहे. रोज सकाळी पुसायचे."

ही पाणी घेऊन आली होती. टाकी बघून थांबली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली. "अहो, ही तुमची."

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे अस्सल?"

ही माझ्याकडे बघत उभी राहिली. हातात पेला तसाच. तिच्या बघण्यात राग नव्हता, हे मला नक्की सांगता येईल. ही टाकी माझी आहे हे साऱ्या जगात दोघांनाच माहीत होतं, आणि तिने आपलं सांगून टाकलं होतं. आता मी सांगायचं होतं. माझी म्हणायची तर बाकीच्या कुणाच्या, तेही म्हणावं लागणार. एकच वाक्य. मी तोंड उघडलंसुद्धा.

म्हणालो, "हिला त्यातलं कळत नाही. लचक कुठे आहे? नंतर कुणीतरी मारलेली रेघ आहे ही."

हिने पेला मास्तरांच्या पुढे ठेवला आणि आत गेली. मी कागद भरला, शिक्का मारला. मास्तर बराच वेळ टाकीवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "वडिलांना कुणीतरी फसवलं म्हणायचं. ते लचकचं स्टिकर जुन्या टाकीवर बसवून देतात का हो कंपनीत?"

"देतात."

"मग ही घासून काढतो. कशाने काढू?"

मी म्हणालो, "चारशे नंबरचा वॉटरपेपर घ्या. पाणी सोडत राहा आणि हलक्या हाताने घासा, नाहीतर खालचा रंग जाईल." त्यांनी ते त्याच कागदाच्या मागे लिहून घेतलं.